तेहतीस वर्षे बर्फात राहिलेली फिल्म

11 जुलै 1897 रोजी स्वीडिश अभियंता सालोमन आंद्रे स्वालबार्डमधल्या डान्सकोया बेटावरून हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला. सोबत क्नूट फ्रेंकेल आणि चोवीस वर्षांचा निल्स स्ट्रिंडबेर्ग. छायाचित्रणाची जबाबदारी स्ट्रिंडबेर्गवर होती. आकाशातून टिपलेल्या चित्रांवरून त्या अज्ञात प्रदेशाचा नकाशा काढायचा बेत होता. तो बेत तीन दिवसांत संपला. 14 जुलैला फुगा बर्फावर टेकला आणि तिघे पायी निघाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते क्वितोया बेटावर पोचले. तिथून कुणीच परतले नाही.

त्यांचे काय झाले, हे जगाला 1930 पर्यंत कळले नाही. त्या ऑगस्टमध्ये ‘ब्रात्वाग’ या नॉर्वेजियन जहाजावरच्या माणसांना त्यांचा तळ दिसला. पुढच्या महिन्यात ‘इस्ब्यर्न’ हे दुसरे जहाज तिथे गेले, तेव्हा पत्र्याच्या डब्यात स्ट्रिंडबेर्गच्या फिल्म सापडल्या. स्टॉकहोममध्ये योन हर्ट्झबेर्ग यांनी त्या धुतल्या. सुमारे 240 पैकी 93 चित्रे उमटली! कडाक्याच्या थंडीत फिल्मवरची सुप्त, म्हणजे अजून न धुतलेली, प्रतिमा फार हळू विरते. अंटार्क्टिकातल्या केप एव्हान्सच्या झोपडीतही शॅकल्टनच्या रॉस सी तुकडीची 22 निगेटिव्ह एकमेकांना चिकटलेली मिळाली आणि 2013 मध्ये त्यांतली चित्रे पुन्हा पाहता आली.

स्ट्रिंडबेर्गच्या एका चित्रापाशी मी नेहमी थांबतो. फुगा कुशीवर कलंडला आहे, आंद्रे आणि फ्रेंकेल त्याच्याकडे पाहत उभे आहेत, आणि चहूकडे फक्त बर्फ. डाग आणि धुकट पट्टे सगळीकडे पसरले आहेत. आकाश कुठे संपते आणि बर्फ कुठे सुरू होतो, ते नीट कळत नाही. तरी चित्राची मांडणी विलक्षण शांत आहे. ज्या माणसाचे परतीचे साधनच नुकतेच निकामी झाले होते, त्याने योग्य अंतरावर जाऊन, दोन्ही सोबती आणि फुगा एका चौकटीत बसवून हे टिपले. पुढे तुटक्या हिमावरून ओझे ओढत चालतानाही त्याने कॅमेरा टाकून दिला नाही. शिकार केलेले अस्वल, वाट अडवणारे बर्फाचे ढिगारे, सगळे त्याने टिपले.

तरीही दीर्घकाळ अभ्यासकांनी भर दिला तो मोहिमेच्या रोजनिश्यांवर. टायरोन मार्टिन्सन या संशोधकाने 2004 मध्ये ही खंत मांडली आणि छायाचित्रांनाही मूळ पुरावा मानावे, असा आग्रह धरला. तो मला पूर्णपणे पटतो. त्या बर्फाचा खडबडीतपणा, त्याचा विस्तार, त्यात माणसाचा आकार किती लहान, हे या चित्रांत एका नजरेत समजते.

ध्रुवीय छायाचित्रण म्हटले की पाँटिंग आणि हर्ली हे छायाचित्रकार आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या दोघांच्या मोहिमा 1910 पासून पुढच्या. स्ट्रिंडबेर्ग त्याआधीचा, आणि त्याचे नाव त्यांच्या बरोबरीने घेतले गेले पाहिजे.