वीस टनांची तयारी

२० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्नच्या रॉयल पार्कमध्ये सुमारे पंधरा हजार माणसं एका मोहिमेला निरोप द्यायला जमली होती. एकोणीस जणांचा ताफा, पंचवीसहून जास्त उंट, तेवीस घोडे आणि जवळपास वीस टन सामान. मेलबर्नहून निघून ऑस्ट्रेलिया खंडाचा कोरडा मध्यभाग पार करायचा आणि उत्तरेचा समुद्र गाठायचा, असा बेत होता. संध्याकाळ व्हायला आली तरी लादणं संपेना, आणि एक गाडी तर बागेतून बाहेर पडण्याआधीच मोडली.

पैशाची चणचण नव्हती. व्हिक्टोरिया ही सोन्याच्या खाणींवर श्रीमंत झालेली ब्रिटिश वसाहत. तिथल्या रॉयल सोसायटीने मोहिमेसाठी समिती नेमली, पण समितीतल्या बहुतेकांनी आतला वाळवंटी मुलूख पाहिलाच नव्हता. त्यांनी प्रमुख निवडला तो रॉबर्ट ओ'हारा बर्क, आयर्लंडमध्ये जन्मलेला पोलीस अधिकारी. माणूस धाडसी होता, पण रानावनात फिरण्याचा त्याला अनुभव नव्हता. नकाशे आणि ताऱ्यांवरून दिशा काढण्याचं काम विल्यम विल्स या तरुण सर्वेक्षकाकडे गेलं.

तयारीतला एक भाग मात्र विचारपूर्वक झाला होता, आणि त्याची मुळं हिंदुस्थानात होती. वाळवंटात घोड्यापेक्षा उंट जास्त टिकतो हे ओळखून जॉर्ज लँडेल्सला उंट आणायला वायव्य सरहद्दीकडे पाठवलं गेलं. त्याने चोवीस उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला नेले. सोबत उंट हाकणारी माणसंही गेली. दोस्त महंमद, इसाउ खान, बलुच आणि सामला ही नावं मोहिमेच्या कागदपत्रांत आहेत. सामला हिंदू होता. शिध्यात खारवलेल्या गोमांसावर भर, त्यामुळे त्याची उपासमार होऊ लागली आणि थोड्याच दिवसांत तो मोहीम सोडून गेला. दोन वर्षांचा शिधा मोजून भरणाऱ्यांनी, हाताखालचा माणूस काय खाईल हे विचारलंच नव्हतं.

बाकी सामानाची यादी आज वाचताना वाईट वाटतं. देवदाराची फळी बसवलेलं ओकचं टेबल आणि खुर्च्या, इशाऱ्याचे अग्निबाण, चिनी घंटा, उंटांसाठी बूट, आणि उंटांची प्रकृती राखायला म्हणून साठ गॅलन रम. या ओझ्यामुळे डार्लिंग नदीकाठच्या मेनिंडीपर्यंतचे साडेसातशे किलोमीटर कापायला सुमारे दोन महिने लागले. टपालाची गाडी तेच अंतर साधारण आठवड्यात कापत असे. ओझं कमी करायचं म्हणून बर्कने वाटेत बरंच सामान काढून टाकलं आणि त्यात स्कर्व्हीवरचा लिंबाचा रसही गेला. नंतर मागे राहिलेल्या तुकडीला स्कर्व्हीने गाठलं.

मेनिंडीत लँडेल्स बर्कशी भांडून निघून गेला. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा जॉन मॅकडॉवल स्टुअर्ट हाच पराक्रम करायला निघाला होता, त्यामुळे बर्कला घाई झाली होती. अर्धी माणसं आणि सामान मागे ठेवून तो पुढे गेला आणि नोव्हेंबरमध्ये कूपर्स क्रीकला पोहोचला. १६ डिसेंबरला, ऐन उन्हाळ्यात, विल्स, जॉन किंग आणि चार्ल्स ग्रे यांना घेऊन तो उत्तरेकडे निघाला. सहा उंट, एक घोडा आणि तीन महिन्यांचं अन्न. कूपर्स क्रीकच्या तळावर विल्यम ब्राहेला ठेवलं. मेनिंडीहून उरलेलं सामान आणायचं काम ज्या राइटवर सोपवलं होतं, तो जानेवारी संपत आला तेव्हा कुठे हलला.

फेब्रुवारीत चौघं उत्तरेच्या खाडीपर्यंत गेले. पाणी खारट होतं, भरती-ओहोटी दिसत होती, पण दलदल आणि खारफुटीमुळे समुद्र काही दिसला नाही. परतीच्या वाटेवर ग्रे वारला. त्याला पुरण्यात एक दिवस गेला. २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी तिघं राजा आणि लांडा या उरलेल्या दोन उंटांसह तळावर आले. चार महिन्यांहून जास्त वाट पाहून ब्राहे त्याच दिवशी सकाळी निघून गेला होता. झाडाच्या खोडावर खणण्याची खूण कोरलेली होती. खाली पुरलेलं पीठ, साखर, तांदूळ, सुकं मांस हाती लागलं, पण माणसं गेली होती.

त्यांनी चिठ्ठी पुरली आणि खड्डा पूर्ववत बुजवला, पण झाडावर नवी खूण केली नाही. ८ मे रोजी ब्राहे आणि राइट तिथे येऊन गेले. आधीचीच खूण पाहून, कोणी आलेलं नाही असं समजून ते परतले. तोवर लांडा चिखलात रुतला होता आणि राजाही राहिला नव्हता. उंट नाहीत म्हणजे पाणी वाहून नेता येत नाही, म्हणून तिघांना त्या क्रीकचा काठ सोडवेना.

त्याच काठावर यंद्रुवंधा लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. त्यांनी या पाहुण्यांना मासे दिले, नार्डू या पाणनेच्याच्या बीजाणुकोशांचं पीठ दिलं. पुढे बर्कने त्यांच्या दिशेने बंदूक झाडली आणि मदत आटली. तिघं स्वतःच नार्डू दळून खाऊ लागले. यंद्रुवंधांची ते तयार करण्याची पद्धत वेगळी होती. नीट प्रक्रिया न केलेल्या नार्डूतला एक घटक ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. पोट भरत असूनही हातपाय निकामी होत होते, आणि विल्स हे रोजनिशीत टिपत गेला. जूनअखेरीस तो आणि बर्क मरण पावले. हिंदुस्थानात सैनिक म्हणून नोकरी केलेला किंग यंद्रुवंधांच्या आश्रयाला गेला. त्यांनी त्याला सांभाळलं, आणि सप्टेंबरमध्ये आल्फ्रेड हॉविटच्या शोधपथकाला तो जिवंत सापडला. या मोहिमेत एकूण सात जण दगावले.

स्टुअर्टची पद्धत अगदी साधी होती. तो मोजकी माणसं आणि घोडे घेऊन जायचा, आधी पुढचा पाणवठा शोधायचा आणि मगच मुक्काम हलवायचा. पाणी नसेल तर तो मागे फिरत असे, आणि असा तो अनेकदा परतलाही. अखेर २४ जुलै १८६२ रोजी तो उत्तरेच्या किनाऱ्यावर पोहोचला. परतताना स्वतः स्कर्व्हीने जर्जर झाला होता, त्याला दोन घोड्यांमध्ये बांधलेल्या झोळीतून आणावं लागलं, पण सोबतचा प्रत्येक माणूस जिवंत घरी आला. दहा वर्षांनी ॲडलेड ते डार्विन तारेची लाइन टाकली गेली, ती बहुतांशी त्याने शोधलेल्या पाणवठ्यांच्या वाटेनेच.