मधुमेह आणि आपली स्वतःची जबाबदारी

मधुमेहाचा रुग्ण वर्षातून चार-सहा वेळा आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतो. तेवढ्या वेळेपुरते डॉक्टर त्याच्यासोबत असतात. उरलेले सर्व दिवस काय खावे, किती चालावे, गोळी वेळेवर घ्यावी की टाळावी, हे तोच ठरवितो. म्हणूनच या विकारात उपचाराचा मोठा भाग रुग्णाच्या स्वतःच्या हाती असतो, असे आम्ही मानतो.

‘आम्ही तर सडपातळ, आम्हांला मधुमेह कसा होईल?’ असा प्रश्न अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर पुण्यातील संशोधनानेच दिले आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो होते. आपल्या बालकांत स्नायू कमी होते; त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक व ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता; परंतु शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के होती.

याचा अर्थ असा, की केवळ वजनकाट्यावर विसंबून चालणार नाही. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास रक्तशर्करा अवश्य तपासून घ्यावी. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनाही मार्ग मोकळा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात आहार व व्यायामातील बदलांमुळे मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

ज्यांना मधुमेह झालेला आहे, त्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत, अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झाली, की काटा रुतल्याचेही कळत नाही, आणि दुर्लक्षित जखमेपायी पाय गमावण्याची वेळ येते. डोळ्यांची तपासणी दरवर्षी करावी. दृष्टी अधू होईपर्यंत थांबू नये. मागील तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित करावी. साखर आटोक्यात आली म्हणून औषध परस्पर बंद करू नये. ती त्या औषधामुळेच आटोक्यात आलेली असते.

मधुमेह होणे हा कोणाचा अपराध नव्हे. त्याची काही मुळे, आपण पाहिले त्याप्रमाणे, जन्मापूर्वीच रुजलेली असतात. पुढची काळजी मात्र आपली आहे, आणि स्वयंपाकघर एकच असल्याने ती संपूर्ण कुटुंबाचीही आहे. रुग्णालय मार्ग दाखवू शकते, अडचणीत हात देऊ शकते. चालायचे मात्र ज्याचे त्यानेच असते. आपण ते पाऊल आजच उचलावे, हीच आमची विनंती.