बोरीबंदर ते ठाणे : पहिल्या आगगाडीच्या इंजिनांची रचना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली गाडी ज्या साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांनी ओढली, ती इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्री या कारखान्यात तयार झाली होती आणि त्यांच्या रचनेत इंग्लंडमधील दोन दशकांच्या प्रयोगांचे सार उतरले होते. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या १८२९ च्या ‘रॉकेट’ इंजिनात बाष्पकात, म्हणजे पाण्याची वाफ करणाऱ्या टाकीत, अनेक नळ्या बसवून त्यांतून भट्टीतील तप्त वायू नेण्यात आले, त्यामुळे वाफेचा पुरवठा वाढला. पुढे वेगासाठी चालकचाके, म्हणजे दट्ट्याच्या जोराने फिरणारी चाके, मोठी होत गेली, कारण मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापते. डॅनियल गूच यांच्या १८४७ च्या ‘आयर्न ड्यूक’मध्ये त्यांचा व्यास आठ फूट होता. मात्र चालकचाकांची एकच जोडी जड गाडी ओढताना रुळांवर घसरू शकते. मुंबईच्या इंजिनांना पुढे दोन आधारचाके आणि मागे दांड्यांनी परस्परांशी जोडलेली चार चालकचाके असल्याने त्यांची पकड अधिक भक्कम होती. १८५४ मध्ये हा लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. याच मार्गावरील ठाणे-डोंबिवलीच्या आजच्या वाढीत वेग आणि पकड यांचा मेळ घालणाऱ्या या अभियांत्रिकीचाही वाटा आहे.