काम काय करता?
(लेखमाला : पदवीच्या जोडीला)

गेल्या आठवड्यात मायनर विषय निवडायचा कसा, ते पाहिले. या आठवड्याचा विषय आहे कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा विषय शिकण्याची सोय झाली. हा विषय त्या सोयीचे सोने करणारा आहे.

हा विषय शिकायला कऱ्हाडचा परिसर अगदी सोयीचा आहे. कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात कृष्णा विश्व विद्यापीठ आणि त्याचे मोठे रुग्णालय आहे. कऱ्हाडात १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. रेठरे बुद्रुकला कृष्णा, यशवंतनगरला सह्याद्री हे साखर कारखाने, शिवाय तासवड्याची एमआयडीसी. डॉक्टर, इंजिनिअर आणि कारखाना एकमेकांच्या इतके जवळ असणे दुर्मीळच.

साखर कारखान्यातला एक धोका पाहा. ओलसर बगॅस (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) साठवले की ते आतून तापते आणि त्यात सूक्ष्म जीवाणू वाढतात. ढीग कोरडा पडला, उपसायला घेतला, की धुळीबरोबर ते छातीत जातात. काही तासांतच ताप, खोकला, दम. या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. पहिल्या नजरेला तो न्यूमोनिया वाटतो. धुळीशी संबंध तुटला नाही, तर फुप्फुसे कायमची निकामी होऊ लागतात. उपाय मात्र साधे आहेत : बगॅसमध्ये वीस टक्क्यांहून अधिक ओलावा राखायचा, त्यावर दोन टक्के प्रोपिऑनिक आम्ल फवारायचे, धूळ उडू द्यायची नाही.

हे काम रसायनशास्त्राचे, यंत्राचे की वैद्यकाचे? तिन्हींचे. म्हणूनच एकट्या पदवीत ते मावत नाही.

इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना बजावले, की रुग्णाला त्याचे काम विचारा. आजही केसपेपरवर ‘शेती’ किंवा ‘नोकरी’ एवढेच लिहून भागवले जाते.

मळीच्या टाकीत उतरलेला कामगार बेशुद्ध पडतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा बातम्या महाराष्ट्राने अनेकदा वाचल्या आहेत. वास्तविक कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३६ नेच टाकीतली हवा तपासणे, दोर बांधलेला पट्टा, बाहेर माणूस उभा ठेवणे या गोष्टी सांगितल्या होत्या. कायदा माहीत असलेला एक सुपरवायझर तिथे असता, तर दुसरा माणूस तरी नक्की वाचला असता.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. केवळ मायनरवर सेफ्टी ऑफिसर होता येत नाही. त्यासाठी औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका आणि अनुभव लागतो. पण मागणी वाढणार आहे. पूर्वी हजार कामगारांच्या कारखान्याला हा अधिकारी सक्तीचा होता, नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा पाचशेवर आली आहे.

ऊसतोड कामगार मात्र कारखान्याच्या फाटकाबाहेर राबतात. कोयत्याची जखम, साप, रात्रीच्या ट्रॉल्या हे सारे अभ्यासक्रमात आलेच पाहिजे. प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाला एवढे जरूर विचारावे : गळीत हंगामात आम्हाला कारखान्यात आणि फडावर नेणार का? उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरा विषय घ्यावा.