एकाचे पाऊल, दोघांचा तोल

पुण्याच्या आमच्या नातेवाईक मंडळींत माझ्या लेकीची ओळख ‘ती बर्फावर नाचणारी’ अशी आहे. मीही हसून मान डोलावते. खरी हकीकत सांगायला बसले, तर समोरचा चहा निवून जायचा! तिच्या खेळाचे नाव पेअर स्केटिंग. एक मुलगा आणि एक मुलगी, पायांत पोलादी पात्यांचे बूट, साठ मीटर लांब नि तीस मीटर रुंद असे बर्फाचे अंगण, आणि संगीताच्या साथीवर अडीच ते चार मिनिटांचा खेळ. बर्फावरचा नाच म्हणजे आइस डान्सिंग. तो निराळा खेळ आहे. त्यात जोडीदारणीला डोक्यावर उचलून धरत नाहीत की हवेत भिरकावूनही देत नाहीत. आमच्या वाट्याला आलेल्या प्रकारात या दोन्ही गोष्टी रोज कराव्या लागतात.

आम्ही कॅनडात, माँट्रियलजवळ राहतो. आपल्याकडे मुले संध्याकाळी मैदानावर जातात, तशी इथली मुले रिंकवर जातात. त्यामुळे पाच वर्षांच्या लेकीच्या पायांत स्केट्स चढले, त्याचे कोणालाच नवल वाटले नाही. तेराव्या वर्षी तिच्या प्रशिक्षिकेने सुचवले, की हिला जोडीत घालू या. अंगाने लहान आहे, आणि पडायला भीत नाही. यातला दुसरा गुण ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

गुणपत्रिका एकच

हा खेळ काही आजचा नव्हे. हिवाळी ऑलिंपिक सुरू झाले 1924 साली. पण जोडीचे स्केटिंग त्याच्याही आधी, 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये होते. जर्मनीच्या अ‍ॅना ह्यूब्लर आणि हाइनरिक बुर्गर या जोडीने तिथे पहिले सुवर्णपदक मिळवले. त्या काळी हातात हात घालून डौलाने सरकणे हेच मोठे कसब होते. आज त्याच बर्फावर काय चालते, ते ऐका.

‘लिफ्ट’मध्ये मुलगा मुलीला सरळ हातावर डोक्याच्या वर उचलून धरतो आणि तसाच गिरक्या घेत मैदान कापत जातो. ‘ट्विस्ट’मध्ये तो तिला वर फेकतो, ती हवेत आडवी होऊन तीन फेरे घेते, आणि खाली येताना त्याने तिला कमरेशी झेलायचे. ‘थ्रो’मध्ये तो तिला दूर भिरकावतो, आणि ती गिरक्या पुऱ्या करून एका पायावर, पाठमोरी, एकटीच उतरते. ‘डेथ स्पायरल’ या नावातच मरण आहे. त्यात मुलगा बुटाचे टोक बर्फात रोवून खुंटासारखा उभा राहतो आणि मुलगी त्याचा एक हात धरून त्याच्याभोवती फिरते, इतकी आडवी होऊन, की तिचे केस बर्फाला टेकावेत. हे सारे कोणत्या आधारावर? जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाडीच्या पात्यावर!

स्पर्धेत डोक्यावर शिरस्त्राण नसते, खाली जाळे नसते. दहीहंडीच्या वरच्या थरावर चढलेल्या पोराची आई खालच्या गर्दीत उभी राहून कशी बघत असेल, त्याची कल्पना वाचकांनी करावी. फरक इतकाच, की इथे खालचा थर म्हणजे एकच मुलगा, आणि तोही घसरत्या पायांवर.

या खेळातली मला सर्वांत कठोर वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. गुणपत्रिका दोघांची मिळून एकच असते. उडी एकाची चुकली तरी गुण दोघांचे जातात. खेळ संपला की दोघांनी एका बाकावर, कॅमेऱ्यासमोर बसून निकालाची वाट पाहायची. चूक कोणाची झाली, हे सगळ्या जगाने नुकतेच पाहिलेले असते. त्या बाकावर शेजारच्याचा हात धरून बसता येणे, ही माझ्या मते या खेळातली पहिली परीक्षा.

जमिनीवरची तालीम

बाहेरच्यांना दिसतात ती चार मिनिटे. त्यामागचा दिवस असा: पहाटे पाचला उठायचे, सहाला बर्फावर, मग शाळा, दुपारी पुन्हा बर्फ, आणि संध्याकाळी गाद्या घातलेल्या खोलीत जमिनीवरचा सराव. कोणतीही नवी लिफ्ट आधी जमिनीवर, साध्या बुटांत शिकायची. मुलाचे मनगट कुठे, मुलीची कंबर कुठे, श्वास केव्हा धरायचा, ती किती आकड्यांवर उडी घेणार, हे इतके घोटायचे, की बर्फावर विचार करायची वेळच येऊ नये. लेक घरी येई तेव्हा तिच्या मांडीवर नि कमरेवर निळे-जांभळे वळ असत. पहिल्या वर्षी मी हळद लावायला धावत असे. दुसऱ्या वर्षी हळदीची वाटी तिच्याच खोलीत ठेवून दिली.

सासूबाईंनी व्हिडिओवर पहिली लिफ्ट पाहिली आणि त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, “अगं, परक्या मुलाच्या हातात पोर अशी कशी देता?” मी म्हटले, “आई, तो परका राहिलेला नाही. आठवड्याचे सहा दिवस तो आमच्याच डोळ्यांपुढे असतो.” त्यांनी क्षणभर विचार केला, आणि म्हणाल्या, “मग त्याला पोटभर जेवायला घालत जा हो. हातात बळ पाहिजे त्याच्या!” तेव्हापासून शनिवारी तो आमच्याकडे जेवू लागला. वरणभात त्याला फार आवडे. भाकरीला मात्र तो शेवटपर्यंत भीत राहिला.

पडली एक, घाबरला दुसरा

लेक पंधरा वर्षांची असताना सरावात लिफ्टमधून पडली. मुलाच्या पात्याची कड बर्फात अडकली, आणि दोघेही कोसळली. तिच्या डोक्याला मार बसला. पाच आठवडे बर्फ बंद, वाचन बंद, खोलीत अंधार. ती बरी झाली, पुन्हा बूट चढवून उभी राहिली. पण तो उभा राहीना! जमिनीवर तिला उचलायचा, बर्फावर मात्र खांद्यापर्यंत नेऊन खाली ठेवायचा. आम्ही सगळे रोज तिची चौकशी करत होतो. त्याची चौकशी कोणी केली नव्हती.

तेव्हा प्रशिक्षिकेने आम्हाला रशियाच्या तात्याना तोत्म्यानिना आणि माक्सिम मारिनिन यांची हकीकत सांगितली. 2004 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत पिट्सबर्गला, भर स्पर्धेत, मारिनिनचा तोल गेला आणि तोत्म्यानिना उंचावरून डोक्यावर आपटली. ती लवकर सावरली. तिला पाडल्याचे ओझे मारिनिनच्याच मनावर अधिक काळ राहिले. तरीही दीड वर्षाच्या आत, 2006 साली तुरीनला, याच जोडीने ऑलिंपिकचे सुवर्ण जिंकले. येलेना बेरेझ्नायाची गोष्ट तर याहून भयंकर. 1996 च्या जानेवारीत रीगा येथे, शेजारी-शेजारी गिरक्या घेताना, तेव्हाच्या जोडीदाराचे पाते तिच्या कवटीत घुसले. तिला बोलणे पुन्हा शिकावे लागले. नंतर आंतोन सिखारुलिद्झेबरोबर ती बर्फावर परतली, 1998 साली रौप्य आणि 2002 साली सुवर्ण घेऊन गेली.

या कथांनी माझी भीती कमी झाली, असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात आली. विश्वास म्हणजे ‘तो मला पाडणार नाही’ ही खात्री नव्हे. अशी खात्री बर्फावर कोणीच देऊ शकत नाही. पडल्यानंतर पुन्हा त्याच हातांवर चढणे, आणि पाडल्यानंतर पुन्हा तेच हात पुढे करणे, याचे नाव विश्वास. लेक एके दिवशी त्या मुलाला म्हणाली, “तू उचल. पडले तर मी पुन्हा उठेन, मला उठता येते.” त्या दिवशी लिफ्ट पूर्ण झाली.

दारावरची रेघ

पुढच्या वर्षी ती दोघे कनिष्ठ गटात युरोपातल्या दोन स्पर्धांना जाऊन आली. परदेश पाहिला म्हणावे, तर विमानतळ, हॉटेल आणि रिंक यांपलीकडे काही पाहिले नाही. सरावाला मोजकी मिनिटे, त्यातही चार जोड्या एकाच बर्फावर. कोण कुठून अंगावर येईल, याकडे एक डोळा ठेवावा लागतो. नंबर आले मधले. दोघे खूश होती.

आणि मग लेकीची उंची वाढली. एका वर्षात चक्क नऊ सेंटिमीटर! मुलांची उंची दारावर रेघ मारून मोजायची आपली जुनी हौस. ती रेघ वर सरकली म्हणून मनातून हिरमुसणारी आई मीच असेन! मुलगा तेवढाच राहिला. ट्विस्टमध्ये तिला फिरायला हवेत वेळ पुरेना, लिफ्टमध्ये त्याचा खांदा दुखू लागला. दोष कोणाचाच नव्हता. हंगामाच्या शेवटी दोघांनी वेगळे व्हायचे ठरवले. शेवटच्या शनिवारी तो जेवायला आला, पानात वाढलेली भाकरीसुद्धा त्याने संपवली, आणि कोणीच फारसे बोलले नाही.

जोडीदार पाहिजे

एकट्या खेळाडूला नवा हंगाम मिळतो. जोडीतल्या खेळाडूला आधी नवा माणूस शोधावा लागतो. वजन, उंची, गिरकीची दिशा, स्वभाव, दोन्ही घरांचा खिसा, सारे जुळावे लागते. आपल्याकडे पत्रिका पाहतात ती बरी! दोन-तीन दिवस एकत्र स्केटिंग करून पाहायचे, मग होकार किंवा नकार.

त्यातून मुलगा परदेशी असला, तर नागरिकत्वाचा प्रश्न. जागतिक स्पर्धेत दोघांपैकी एकाच्या देशाकडून खेळता येते. ऑलिंपिकला दोघेही त्याच देशाचे नागरिक लागतात. जपानमध्ये जन्मलेल्या युको कावागुचीने 2009 साली रशियाचे नागरिकत्व घेतले. जपानला दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणून तिला जन्मभूमीचे सोडावे लागले. आपल्या भारताचाही नियम तोच, त्यामुळे पासपोर्ट परत करताना मनाचे काय होते, ते मला सांगायला नको. फ्रान्सच्या ब्रूनो मासोने जर्मन भाषेची परीक्षा देऊन 2017 च्या अखेरीस तिथले नागरिकत्व मिळवले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्याने आणि आल्योना सावचेंकोने ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. तिचे ते पाचवे ऑलिंपिक होते.

2024 च्या मार्चमध्ये जागतिक स्पर्धा माँट्रियललाच भरली. लेक तेव्हा सतरा वर्षांची, जोडीदाराविना. आम्ही दोघी तिकिटे काढून गेलो. डीआना स्टेलाटो-ड्यूडेक आणि मॅक्सिम देशाँ यांनी सुवर्ण जिंकले. डीआनाचे वय तेव्हा 40 वर्षे. फिगर स्केटिंगचे जागतिक विजेतेपद मिळवणारी ती सर्वांत वयस्क स्त्री ठरली. तरुणपणी खेळ सोडून ती दीड दशक बर्फापासून दूर राहिली होती. लेक माझ्या कानाशी लागून म्हणाली, “आई, म्हणजे माझ्याकडे अजून तेवीस वर्षे आहेत!” तेवीस वर्षांची पहाटेची गाडी डोळ्यांपुढे येऊन मला धडकीच भरली.

आता तिला नवा जोडीदार मिळाला आहे. युरोपातून आलेला, उंच, अबोल. त्याच्या कागदपत्रांचे पुढे काय होईल, ते पुढे पाहू. इरिना रोदनिना आणि अलेक्सांद्र झाइत्सेव यांचे 1973 साली ब्रातिस्लाव्हाला मध्येच संगीत बंद पडले होते, तरी ती दोघे न थांबता शेवटपर्यंत खेळली आणि जिंकली. जोडीचा तो त्यांचा पहिलाच हंगाम होता. इतके एकमेकांना ओळखायला आमच्या या दोघांना वेळ लागेल. सध्या ती दोघे मोठ्याने आकडे मोजत लिफ्ट करतात.

रिंकच्या कठड्याशी उभ्या असलेल्या नव्या आया लिफ्टच्या वेळी वर, आपल्या मुलीकडे पाहतात. पूर्वी मीही तेच करत असे. आता माझी नजर खाली असते, त्या मुलाच्या पावलांवर. ती स्थिर पडत असली, की वर पाहायची गरज लागत नाही.