पांढरी पाचच्या शेजारची गुणगुण

"दादा, तानपुरा थोडा चढलाय का हो?"

पुण्याहून आलेल्या गायिकेने हे विचारलं तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. अजमानमधल्या एका शाळेच्या सभागृहात आमच्या मंडळाची दिवाळी पहाट होती. रांगोळी पुरी व्हायची होती, फराळाचे डबे अजून गाड्यांतच होते. मी इलेक्ट्रॉनिक तानपुरा पुन्हा तपासला. पांढरी पाच, जागच्या जागी. हार्मोनियमवर षड्ज धरला, तोही जुळला. तरी स्पीकरमधून तानपुरा आला की त्यात एक डोल यायचा, जोडीच्या तारा एकमेकींशी नीट मिळालेल्या नसाव्यात तसा. तानपुरा पूर्ण बंद केला आणि मागे काय उरलंय ते ऐकू आलं: बारीक, अखंड घुंऽऽ. साउंडवाल्यांच्या भाषेत हमिंग.

या घुंऽऽला पट्टी असते. अमिरातीत भारतासारखीच सेकंदाला 50 आवर्तनांची वीज आहे. त्यामुळे विजेकडून आवाजाच्या तारेत शिरलेली गुणगुण 50 आंदोलनांची असते आणि तिच्यासोबत 100, 150, 200 अशी तिची पिलावळ येते. हार्मोनियम 440 च्या मापाने लावलेली असेल तर पांढरी पाचचा मध्य षड्ज 196 आंदोलनांचा आणि खालचा खर्ज 98 चा. म्हणजे खर्जाच्या तारेशेजारी 100 येऊन बसतं आणि जोडीच्या तारांशेजारी 200. दोन जवळचे स्वर एकत्र वाजले की त्यांच्यातल्या फरकाइतके डोल ऐकू येतात. इथे खर्जाला सेकंदाला 2, जोडीला 4. पुरुष गायकांची काळी एक घेतली तरी सुटका नाही, कारण तिथला मंद्र पंचम साधारण 103.8 वर आहे आणि त्याच्याही शेजारी तेच 100. गायिकेचा कान अगदी बरोबर होता. शेजारचा स्वर खरोखरच चढा होता, फक्त तो तानपुऱ्याचा नव्हता.

त्या पहाटे मी तानपुऱ्याचं यंत्र मंचावरून उचललं, मागे मिक्सरच्या टेबलावर आणलं आणि हातभर लांबीच्या वायरने जोडलं. घुंऽऽ नाहीशी झाली. कार्यक्रम छान झाला. मला मात्र कारण हवं होतं, आणि ते शोधण्यात पुढचे कित्येक महिने गेले.

मंचापासून मिक्सरपर्यंत आम्ही टाकलेली पंचवीस मीटरची वायर अनबॅलन्स्ड होती. दोन्ही टोकांना मोनो जॅक, लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पी-३८ म्हणून मिळतो तो. अशा वायरीत मधोमध एक तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. जाळीवर दोन कामं पडतात. बाहेरचा उपद्रव तीच अडवते आणि सिग्नलची परतीची वाटही तीच असते. इथेच गोची आहे. त्या जाळीतून दुसरा कुठलाही प्रवाह गेला की तो गाण्यात मिसळतो, कारण मिक्सर मधली तार आणि जाळी यांच्यातला फरक वाचतो आणि त्या फरकात तानपुरा कुठला, वीज कुठली हे त्याला वेगळं काढता येत नाही.

हिशेब करून पाहू. लांब वायरीच्या जाळीचा रोध 1 ओहम धरला आणि तिच्यातून 1 मिलिअँपिअर प्रवाह गेला, तर 1 मिलिव्होल्टची गुणगुण तयार होते. घरगुती दर्जाच्या उपकरणांची नेहमीची पातळी सुमारे 0.316 व्होल्ट. म्हणजे गुणगुण गाण्याच्या 50 डेसिबल खाली राहते. अध्यक्षांच्या भाषणात ती लपते, ढोल-ताशात तर कुणाला पत्ताही लागत नाही. आलापात दोन स्वरांमधल्या शांततेत ती उघडी पडते. आपल्याकडे या गोष्टीकडे दुर्लक्ष होतं ते याचमुळे, असं मला वाटतं. मंडळाचा साउंड तपासला जातो तो "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणून, आणि त्या चाचणीत ही गुणगुण सापडतच नाही.

बॅलन्स्ड वायरीत जाळीच्या आत दोन तारा असतात, एकमेकींना पीळ दिलेल्या. सिग्नल या दोघींमध्येच जातो आणि परततो. जाळीला फक्त राखण करायची असते. मिक्सरची बॅलन्स्ड इनपुट या दोन तारांमधला फरक तेवढा उचलते.

मुलांना समजावताना मी वाण्याचा तराजू सांगतो. भर पावसात तराजू टांगला. दोन्ही पारड्यांत पाऊस सारखाच साठला तर काटा हलत नाही. एका पारड्यात तुम्ही सुपारी टाकली तर काटा फक्त सुपारीचं वजन दाखवतो. पाऊस म्हणजे विजेची गुणगुण, सुपारी म्हणजे गाणं. आता एका पारड्याच्या काठाला खाच पडलेली असेल तर तिथलं पाणी गळेल आणि सुपारीशिवायही काटा कलेल. गुणगुण कटण्यासाठी दोन्ही तारांनी बाहेरचा उपद्रव सारख्याच मापाने घ्यायला हवा, आणि त्यासाठी त्या दोघींचा जमिनीच्या तुलनेतला रोध दोन्ही टोकांना सारखा हवा. बॅलन्स्ड म्हणजे एका तारेत सुलटा आणि दुसरीत उलटा सिग्नल, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. तशी रचना पुष्कळदा असते, तिचा फायदाही आहे, पण गुणगुण तिच्यामुळे कटत नाही. बिल व्हिटलॉक या अमेरिकी अभियंत्याने 1995 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात हे फार स्पष्टपणे मांडलं. त्याच अंकात नील मन्सी यांचाही लेख आहे. वायरीची जाळी उपकरणाच्या पत्र्याला जोडण्याऐवजी आतल्या सर्किटला जोडली की चांगली बॅलन्स्ड उपकरणंही कशी गुणगुणायला लागतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे 2005 मध्ये सोसायटीने याच जोडणीसाठी वेगळं मानक काढलं.

हे ज्ञान टेलिफोनकडून आलेलं आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने पीळ दिलेल्या जोडतारेचं पेटंट 1881 मध्ये घेतलं आणि 1882 मध्ये मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. शेजारच्या तारांचा त्रास टाळून मैलोगणती बोलणं न्यायचं, तर दोन्ही तारांना उपद्रव सारखा वाटून द्यावा लागतो, हे त्या लोकांना तेव्हाच उमगलं होतं. आपण पी-३८ म्हणतो तो पाव इंची जॅकही एक्स्चेंजच्या फळीवरून संगीतात आला. तीन पिनांचा एक्सएलआर नंतरचा. त्यात पहिली पिन जाळीची, दुसरी सुलट्या तारेची, तिसरी उलट्या तारेची. सुलटी तार दुसऱ्या पिनेवर की तिसऱ्या, या वादावर 1992 च्या मानकाने पडदा टाकला. जुन्या उपकरणांत मात्र उलटी जोडणी अजून सापडते.

हे वाचून मी सरळ दुकानात गेलो, बॅलन्स्ड वायर आणली, तानपुऱ्याला लावली आणि गुणगुण पुन्हा आली. तेव्हा कळलं की बॅलन्स्डपणा एकट्या वायरीत नसतो. देणारं यंत्र, वायर आणि घेणारं यंत्र, तिन्ही तशी असावी लागतात. मंडळाच्या मंचावर पाहा: गायकांचे माइक बॅलन्स्ड, तबल्याचे आणि हार्मोनियमचे माइकही बॅलन्स्ड. तिथे त्रास नसतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा, बहुतेक कीबोर्ड, लॅपटॉप, मोबाइल ही मंडळी अनबॅलन्स्ड. आणि आखाती देशांतल्या आपल्या कार्यक्रमांचा मोठा भार यांच्यावरच असतो. विमानाने येणारे कलाकार वादकांचा ताफा आणू शकत नाहीत, मुलांचे नाच मोबाइलवरच्या गाण्यांवर होतात.

त्या मोबाइलने एकदा आम्हाला चांगलंच अडचणीत आणलं. गणेशोत्सवात चौथीतल्या मुलींचा नाच होता. रंगीत तालीम घरच्या स्पीकरवर झालेली. ऐन कार्यक्रमात गाणं सुरू झालं आणि त्यातली गायिकाच गायब. लांबून आल्यासारखा थोडा घुमारा, बाजूची काही वाद्यं, आणि मधे पोकळी. ढोलकीचा ठेकाही गेलेला. मुली गोंधळल्या, एकीला रडू फुटलं. आवाजाची बटणं फिरवून काहीही झालं नाही.

आज विचारलं तर अर्ध्या मिनिटात कारण सांगता येईल. हेडफोनच्या स्टीरिओ जॅकवर तीन भाग असतात: टोक, कडं आणि बुंधा. बॅलन्स्ड जॅकवरही हुबेहूब तसेच तीन. दिसायला एक, काम वेगळं. मोबाइल टोकावर डावा आवाज देतो आणि कड्यावर उजवा. आम्ही तो जॅक मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खोचला. मिक्सरने आपलं काम केलं: दोघांतला फरक काढला. गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मुख्य गायक, ढोलकी, बास हे मधोमध असतात, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखे. सारखं ते सगळं वजा झालं, जसा पाऊस वजा होतो. तानपुऱ्याचं अ‍ॅप अशा वायरीने लावलं तर पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही, कारण त्याचा आवाज दोन्हीकडे तोच असतो. उपाय सोपा आहे. डावा-उजवा वेगळा करणारी, एका टोकाला स्टीरिओ आणि दुसऱ्याला दोन मोनो जॅक असलेली वायर घ्यायची आणि मिक्सरचे दोन चॅनल किंवा स्टीरिओ चॅनल वापरायचा. ती वायर आता आमच्या पेटीत लाल पट्टी लावून ठेवलेली आहे.

गुणगुणीचं मूळ मात्र बहुतेक वेळा भिंतीतल्या प्लगमध्ये असतं. मंचावरचा लॅपटॉप तिथल्या सॉकेटवर, मिक्सर सभागृहाच्या मागच्या सॉकेटवर. दोन्हींना अर्थिंग आहे, पण दोन्ही ठिकाणची अर्थिंग अगदी एका पातळीवर कधीच नसते. अनबॅलन्स्ड वायरीची जाळी या दोन टोकांना जोडते आणि वर्तुळ पुरं होतं. त्यातून प्रवाह वाहू लागतो, आणि मघाचा तो 1 मिलिव्होल्ट इथे जन्मतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर गुणगुण थांबली, तर दोष याच वाटेने आलाय असं समजावं. कार्यक्रमापुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवणं हा फुकटचा आणि उत्तम उपाय.

काही जण दुसरा उपाय करतात, आणि तो मी माझ्या डोळ्यांसमोर कधीही होऊ देत नाही: प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं किंवा ती वायर तोडणं. गुणगुण जाते हे खरं. पण उपकरणात बिघाड होऊन वीज पत्र्यावर आली तर ती वाहून नेणारी वाटही जाते. मग ती वाट गिटारच्या तारेतून, माइकच्या जाळीतून, गाणाऱ्याच्या ओठांतून निघते. अमिरातीतले प्लग ब्रिटिश पद्धतीचे आहेत, तीन चौकोनी पिनांचे. अर्थिंगची पिन सगळ्यांत लांब असते आणि तीच आत जाऊन बाकीच्या दोन भोकांवरची झडप उघडते. भारतातून आणलेल्या कीबोर्डचा गोल पिनांचा प्लग त्यात बसवायला अ‍ॅडॅप्टर लागतो आणि काही स्वस्त अ‍ॅडॅप्टरमध्ये अर्थिंग पुढे जोडलेलीच नसते. पाहुण्या कलाकारांचं सामान आलं की मी आधी त्यांचे अ‍ॅडॅप्टर बघतो. माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या असं कुणी म्हटलं, तर कार्यक्रम थांबवावा आणि प्लग शोधावा.

वर्तुळ तोडायची योग्य जागा आवाजाच्या तारेत आहे. त्यासाठी डीआय बॉक्स असतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआयमध्ये तारांची दोन वेटोळी असतात, एकमेकांना कुठेही न चिकटलेली. सिग्नल चुंबकाच्या जोरावर पलीकडे जातो, अर्थिंगचा प्रवाह जात नाही. कीबोर्डपासून डीआयपर्यंत तीन मीटरची साधी वायर, डीआयपासून मिक्सरपर्यंत हवी तेवढी लांब बॅलन्स्ड. मंडळाने एकदाच पैसे घालावेत असं मला वाटतं ते दोन चांगल्या डीआयवर. झगमगत्या वायरींवर नाही.

डीआय नसेल आणि कुणाला कथलाचा डाग नीट देता येत असेल, तर दोन तारा आणि जाळीची वायर घ्यावी. यंत्राच्या बाजूला मोनो जॅक: एक तार टोकाला, दुसरी तार आणि जाळी दोन्ही बुंध्याला. मिक्सरच्या बाजूला एक्सएलआर: पहिली तार दोन नंबरला, दुसरी तीनला, जाळी एकला. अशाने परतीचा सिग्नल जाळीऐवजी दुसऱ्या तारेतून जातो आणि बॅलन्स्ड इनपुटला गुणगुणीचा बराच भाग कापता येतो. तराजूची खाच राहतेच, पण लहान होते. ही वायर लावलेल्या चॅनलचं फँटम, म्हणजे काही माइकसाठी मिक्सर त्याच तारांतून पाठवतो ती 48 व्होल्टची वीज, मात्र आधी बंद करायचं, नाहीतर ते तानपुऱ्याच्या आउटपुटवर उलटं जाऊन त्याचं नुकसान करू शकतं.

उलटी बाजूही आहे, मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून साध्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जाण्याची. तिथे तीन नंबरची तार जाळीला जोडायची की मोकळी सोडायची हे मिक्सरच्या आतल्या रचनेवर ठरतं, म्हणून त्याची पुस्तिका उघडावी. काही आउटपुटांना ती तार जाळीला टेकलेली सोसत नाही, आवाज फाटतो. ट्रान्सफॉर्मर असलेल्यांना ती टेकवावीच लागते.

आमच्या मंडळातला अकरावीतला एक मुलगा आता हे सगळं माझ्यापेक्षा चटकन करतो. कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे आम्ही दोघंच सभागृहात असतो. एसी चालू, मंचावरचे दिवे चालू, पडद्यामागची एलईडी भिंत चालू, म्हणजे त्रास देणारं जे जे आहे ते सगळं चालू. मग तो माइक बंद ठेवून बाकीचे फेडर एकेक करून वर नेतो आणि स्पीकरला कान लावतो. तानपुऱ्याचा चॅनल शेवटी. पांढरी पाच लावून तो खर्जाची तार ऐकत राहतो, सेकंद मोजत, डोल येतो का ते पाहत.