पेटीच्या घरात पियानो

वैद्यक आणि पियानो यांचे नाते जुने आहे. जठराचा रोगग्रस्त भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १८८१ मध्ये व्हिएन्ना येथे करणारे थिओडोर बिलरोथ हे उत्तम पियानोवादक होते. ब्राम्स या थोर संगीतकाराशी त्यांचा घनिष्ठ स्नेह होता आणि ब्राम्सने आपल्या दोन रचना त्यांना अर्पण केल्या आहेत. बिलरोथचे नाव आपण सर्वांनी शल्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. त्यांचा पियानो मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर १९१३ मध्ये आफ्रिकेतील लांबारेने येथे रुग्णसेवेसाठी निघाले, तेव्हा पॅरिसच्या बाख सोसायटीने त्यांना एक पियानो भेट दिला. तो उष्ण कटिबंधासाठी मुद्दाम बांधवून घेतलेला होता आणि त्याला ऑर्गनसारख्या पायपट्ट्या जोडलेल्या होत्या. दिवसभर रुग्ण तपासून हा गृहस्थ रात्री त्या वाद्यापुढे बसत असे.

या दुसऱ्या कथेतील ‘उष्ण कटिबंधासाठी मुद्दाम बांधवून घेतलेला’ हे शब्द आदिलाबादकरांनी विशेष लक्षात ठेवावेत. खऱ्या पियानोत दोनशेहून अधिक तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा असतो. हा सारा ताण पेलणारी चौकट लोखंडी असली, तरी नाद निर्माण करणारा फलक लाकडाचाच असतो. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आक्रसते, आणि त्याबरोबर सूर हलतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, जुलैत भिंतींना ओल येते आणि डिसेंबरच्या रात्री तापमान एक आकडी होते. अशा हवेत खरा पियानो वर्षातून दोन-तीनदा सुरात लावून घ्यावा लागेल, आणि ते काम करणारा जाणकार हैदराबादहून, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटरवरून, बोलवावा लागेल. वातानुकूलित दिवाणखाना आणि खर्चाची तयारी असेल त्याने खुशाल खरा पियानो घ्यावा. इतरांनी डिजिटल पियानोचाच विचार करावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. त्याला तारा नाहीत आणि सूर लावण्याची गरज नाही. खऱ्या पियानोचे नमुनेदार ध्वनी त्यात साठवलेले असतात व पट्टी दाबताच ते उमटतात.

परंतु डिजिटल पियानो म्हणजे कोणता, हा प्रश्न उरतोच. गेल्या काही वर्षांत आपल्या परिचयातील अनेक घरांतून तो विचारला जातो. कुठे मुलीला पियानो शिकायचा असतो, कुठे निवृत्तीकडे झुकलेल्या डॉक्टरांना ‘अंदाज’ (१९४९) मधल्या दिलीपकुमारप्रमाणे एकदा तरी त्या वाद्यापुढे बसायचे असते. आणि बहुतेक वेळा त्या घरात एक वाद्य आधीपासूनच असते. ते म्हणजे पेटी.

पैनगंगेच्या दक्षिणेकडील आपल्या मराठी वस्तीत भजन आहे, गणेशोत्सव आहे, आणि जिथे हे आहे तिथे पेटी आहे. मूळ फ्रान्समधील हे वाद्य महाराष्ट्राने असे आपलेसे केले की त्याचे परकेपण कोणाला आठवतही नाही. ‘मानापमान’ (१९११) या नाटकाला चाली देणारे आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत सहभागी असणारे गोविंदराव टेंबे हे मुळात पेटीवादक. पुढे नाट्यसंगीताच्या साथीला पायपेटी, म्हणजे ऑर्गन, आला. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दार बंद ठेवले, तरी घराघरांतील पेटी बंद झाली नाही. तेव्हा पियानोची निवड करताना आपण कोऱ्या पाटीवर लिहीत नसून पेटीवर तयार झालेल्या बोटांसाठी वाद्य शोधत आहोत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. दुकानातला विक्रेता हे सांगणार नाही, कारण त्याला ते ठाऊक नसते.

पेटीत सूर लहान-मोठा होतो तो भात्याने. बोट पट्टीवर हळू टेकवा की जोराने मारा, फरक पडत नाही. पियानोत नेमके उलटे आहे. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने हे वाद्य घडवले तेच मुळी बोटाच्या स्पर्शाने आवाज मृदू वा प्रबळ करता यावा म्हणून. ‘पियानोफोर्टे’ या इटालियन नावाचा अर्थही तोच. पट्टीमागे एक हातोडी असते, तिला वजन असते, आणि त्या वजनाशी बोटाची जी देवघेव चालते तिलाच पियानोवादन म्हणतात. दुसरा फरक डाव्या हाताचा. पेटीवाल्याचा उजवा हात गातो आणि डावा हात श्वास घेतो. पियानोपुढे बसल्यावर हा जन्मभर फुप्फुसाचे काम केलेला डावा हात एकाएकी रिकामा होतो, आणि त्याला खर्जातील स्वर व स्वरसंगती शिकवावी लागते. प्रौढ शिकाऊंना पहिले सहा महिने जड जातात ते याच कारणाने. बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे.

म्हणून निवडीचा पहिला निकष स्पर्शाचा. बाजारात ६१ पट्ट्यांचे हलके कीबोर्ड मिळतात. त्यांत शेकडो आवाज असतात, तयार ताल असतात, दिवे लुकलुकतात, आणि मुलांना ते पाहताक्षणी आवडतात. त्यांच्या पट्ट्या स्प्रिंगच्या, जवळजवळ पेटीसारख्याच हलक्या असतात. गाण्याच्या कार्यक्रमात साथीला हे वाद्य उपयोगी आहे. त्याची निंदा करण्याचे कारण नाही. पण पियानो शिकण्यासाठी ते घेतले, तर बोटे वजन उचलायला शिकतच नाहीत, आणि पुढे खऱ्या पियानोवर बसल्यावर ती लुळी पडतात. एका परिचित घरी असा कीबोर्ड भरतकाम केलेल्या कापडाखाली झाकलेला आहे आणि त्यावर लग्नाचे फोटो मांडले आहेत. मुलगी शिकायची थांबली तेव्हा सगळ्यांनी दोष तिच्या चिकाटीला दिला. वाद्याची चौकशी कोणी केली नाही.

तेव्हा ८८ पट्ट्या, त्यांमागे हातोडीसारखे वजन, आणि ते वजन खर्जाकडे जड व तारसप्तकाकडे हलके होत जाणारे, एवढे असल्याखेरीज वाद्य घेऊ नये. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या किंवा तत्सम परीक्षांना मुलांना बसवायचे असेल तर हा आग्रह अधिकच धरावा. सुदैवाने या वर्गातील प्राथमिक वाद्ये साधारणपणे नव्या दुचाकीहून कमी किमतीत येतात.

यामाहाचे पी-४५ हे २०१५ मधील वाद्य अनेक शिकाऊंच्या घरी आजही दिसते. त्याची जागा २०२३ मध्ये पी-१४५ ने घेतली. आवाज स्वच्छ, बांधणी सुटसुटीत, वजन सुमारे ११ किलो. एका वेळी ६४ स्वर उमटू शकतात, ते शिकाऊला पुरेसे आहेत. त्याच वर्षीचे पी-२२५ हे त्याचे थोरले भावंड. त्यात ही मर्यादा १९२ स्वरांची आहे. रोलंडच्या एफपी-१० (२०१९) ची ख्याती त्याच्या पट्ट्यांसाठी. त्यांचे वजन भारदस्त आहे, पृष्ठभाग हस्तिदंतासारखा किंचित खरखरीत असल्याने घामेजलेले बोट घसरत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात हा गुण लहान नव्हे. त्याचे ध्वनिवर्धक मात्र प्रत्येकी ६ वॅटचे, बेताचेच. तेच पट्टीतंत्र आणि ११ वॅटचे दोन ध्वनिवर्धक हवे असतील तर एफपी-३०एक्स (२०२१) पाहावा. कवाईचा ईएस-१२० (२०२२) हा स्पर्शाला त्याहून हलका आणि आवाजाला गोड आहे. कॅसिओचा पीएक्स-एस११०० (२०२१) सर्वांत सडपातळ, आणि भिंतीवरील घड्याळात घालतो तशा सहा लहान सेलवरही तो चालतो. वीज गेली तरी रियाज थांबत नाही, किंवा वाद्य गणपतीच्या मंडपात नेता येते, ही सोय कंपनीने कोणासाठी केली असेल ते असो. आपल्या उपयोगाची आहे.

यांतले श्रेष्ठ कोणते, असा प्रश्न येईल. लहान मुलीसाठी, शिक्षकाच्या देखरेखीखाली, दीर्घकाळ शिकण्याच्या इराद्याने घेत असाल तर रोलंडकडे माझा कल आहे. जड पट्ट्यांवर तयार झालेली बोटे पुढे कुठेही चालतात. पन्नाशी उलटलेल्या, बोटांचे सांधे सकाळी ताठरणाऱ्या, पेटीचा हात बसलेल्या व्यवसायबंधूंसाठी मात्र कवाई वा यामाहाचा हलका स्पर्श सुखाचा ठरेल. मुलीचे वाद्य आणि वडिलांचे वाद्य एकच असावे असा हट्ट बहुतेक घरांत असतो. तडजोड करायची झाल्यास ती मुलीच्या बाजूने करावी, कारण तिच्यापुढे वर्षे अधिक आहेत.

आता जे पियानोला जमत नाही त्याविषयी. पेटीचा सूर भाता चालेल तोवर टिकतो. पियानोचा सूर जन्मल्या क्षणापासून विरू लागतो. विलंबित अभंगाला तो आधार देऊ शकत नाही. मींड दोघांनाही नाही. शिवाय दोन्ही वाद्यांचे सप्तक बारा समान भागांत वाटलेले असल्याने त्यांचा गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधाराहून सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. कानाला सवय झाली की खटकत नाही, पण तयारीच्या गायकाला खटकते. या उणिवेवर उपाय शोधणाऱ्यांत आपल्याच व्यवसायातील ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक आहेत. औषधशास्त्राचे हे पदव्युत्तर डॉक्टर उत्तम पेटीवादक आहेत, आणि २२ श्रुती वाजवता येतील अशी पेटी त्यांनी घडवली. काही डिजिटल पियानोंत स्वरांतरे बदलण्याची सोय असते. ती प्रत्येक नमुन्यात नसल्याने, गरज असल्यास खरेदीपूर्वी विचारून घ्यावी. गायनाची पट्टी बदलण्याची सोय मात्र सर्वत्र आहे. बोटे पांढरी एकच्या जागी ठेवून काळी चारचा सूर काढता येतो. भजनाच्या साथीला ही सोय फार कामाची. पियानो शिकणाऱ्या मुलांना मात्र तिच्यापासून दूर ठेवावे, नाहीतर काळ्या पट्ट्यांची ओळखच होत नाही.

म्हणून पियानो आला की पेटी माळ्यावर टाकण्याची घाई करू नये. ज्या घरी सासूबाई संध्याकाळी हरिपाठ म्हणतात, त्या घरी पेटीची जागा पियानो घेणार नाही. वाद्ये दोन झाली, एवढेच.

तरीही एका बाबतीत पियानो वडीलधाऱ्यांचा मित्र ठरतो. पेटीसाठी मांडी घालावी लागते, आणि गुडघ्यांची झीज झालेल्यांना ती जमत नाही. केवळ तेवढ्यासाठी वादन सोडलेले कितीतरी जण आपल्या बाह्यरुग्ण विभागात येऊन जातात. पियानोपुढे स्टुलावर बसायचे असते. स्टूल उंची बदलता येणारे घ्यावे. कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर असावे, पाठ मोकळी असावी. जेवणाच्या टेबलावर पियानो ठेवून वाजवल्यास खांदे उचलले जातात आणि महिनाभरात मान दुखू लागते. स्टँडच्या पैशांत काटकसर करू नये.

रात्री दवाखाना आटोपून घरी येणाऱ्यांना हेडफोनची सोय मोलाची वाटेल. शेजारी झोपलेले, घरचे झोपलेले, आणि आपण एकटे वाजवत आहोत. येथे दोन सूचना. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते, आणि मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. मुलांच्या हेडफोनचा आवाज म्हणून आपण स्वतः ठरवून द्यावा. दुसरी सूचना अशी की हेडफोन कानावर असताना प्रसूतिगृहाचा फोन ऐकू येत नाही. फोन डोळ्यांसमोर ठेवावा.

खरेदीसाठी हैदराबाद किंवा नागपूर गाठावेच. नागपूर सुमारे २०० किलोमीटर, रस्ताही चांगला. एका रविवारचे काम आहे. आपण रुग्णाची तपासणी निरीक्षण, स्पर्श, ताडन, श्रवण या क्रमाने करतो. पियानोची तपासणी स्पर्शापासून सुरू करावी आणि निरीक्षण शेवटी ठेवावे. दुकानदाराला आवाज पूर्ण बंद करायला सांगून पट्ट्या नुसत्या दाबून पाहाव्यात. खटखट फार होत असेल तर रात्रीच्या रियाजात तीच घरच्यांची झोप मोडेल. मग एकच पट्टी दहा वेळा, हळूहळू जोर वाढवत वाजवावी. दहा निराळे आवाज येतात की तीनच, ते कान सांगेल. मागच्या अंगाला, काळ्या पट्ट्यांच्या मुळाशी दाबून पाहावे. आखूड बांधणीच्या वाद्यांत तेथे पट्टी फार जड लागते. शेवटी पेडल. पुष्कळदा खोक्यात एक लहानशी बटणवजा पायपट्टी मिळते, ती फरशीवर सरकते. खऱ्या आकाराचे पेडल वेगळे घ्यावे. विक्रीनंतरची दुरुस्ती कोठे होईल, वाद्य तिथवर कोणी न्यायचे, हे बिलावर लिहून घ्यावे.

घरी आणल्यावर जागा निवडताना खिडकीचे ऊन टाळावे. जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस घरात कुठेही पोहोचते, तेव्हा वाजवून झाल्यावर कापडाचे आच्छादन घालावे. वीज सतत वर-खाली होणाऱ्या भागात जोडणी स्टॅबिलायझरमधून घ्यावी. आणि उन्हाळ्यात कूलरचा झोत पियानोवर येऊ देऊ नये; पट्ट्यांखालच्या विद्युत्-संपर्कांना ती ओलसर हवा मानवत नाही. कूलर खिडकीत असेल, तर पियानो समोरच्या भिंतीला न लावता त्याच भिंतीला, थोडा बाजूला लावावा.